नवं हवं, पण चालू मोडायचं नाही : लिनक्सचा तीन दशकांचा हिशेब आणि आपलं नगर

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत यांच्याशी संबंध असणाऱ्यांनी शेवटचा भाग तरी वाचाच.)

२०२४ साली आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, चौंडीची लेक जिल्ह्याच्या नावात आली. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली, शिक्के बदलले. पण गाडीच्या नंबरप्लेटकडं बघा. नगरची एमएच १६ तशीच आहे, श्रीरामपूरची एमएच १७ तशीच. शहराचा पिनकोड ४१४००१ तोच. लँडलाइनचा कोड ०२४१ तोच.

असं का? नाव माणसांच्या तोंडी असतं, ते बदललं तरी माणूस जुळवून घेतो. आजही कुणी 'नगरला चाललोय' म्हटलं तर कळतंच की. क्रमांकांचं तसं नाही. त्यांच्यावर विमा, आरसी बुक, बँकेच्या नोंदी, पार्सलं, कोर्टाची कागदपत्रं अशा असंख्य गोष्टी टांगलेल्या असतात. तो खुंटा उपटला की सगळंच खाली येतं. म्हणून वर दिसणारं बदलायचं आणि खालचा खुंटा हलवायचा नाही, असा हा शहाणपणा आहे.

संगणकाच्या जगात गेली तीस-पस्तीस वर्षं याच गोष्टीवर वाद चाललाय. एक साधं उदाहरण घ्या. लिनक्सवर चालणाऱ्या जगभरच्या संगणकांत देशोदेशींच्या वेळांची एक सामायिक यादी असते. भारताची वेळ त्यात 'एशिया/कलकत्ता' नावानं होती. कलकत्त्याचं कोलकाता झालं, आणि २००८ साली यादीतही 'एशिया/कोलकाता' आलं. पण जुनं नाव पुसलं नाही, ते नव्या नावाकडं बोट दाखवत तसंच ठेवलं. वीस वर्षांपूर्वी लिहिलेला एखादा हिशेबाचा प्रोग्राम अजूनही 'कलकत्ता' म्हणत असेल, तर त्याला आजही बरोबर वेळ मिळते.

हा विषय आत्ताच का? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला द्यायचा नेहमीचा आधार थांबवला. काही मुदतवाढीच्या योजना सोडल्या, तर नव्या सुरक्षा दुरुस्त्या मिळणं बंद. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. आपल्याकडच्या शाळांत, संस्थांत दहा-दहा वर्षांची यंत्रं अजून धडधाकट चालू आहेत, त्यातली बरीचशी या नियमात बसत नाहीत. मग कुणी म्हणतं, 'सगळी भंगारात काढा, नवी घ्या.' कुणी म्हणतं, 'लिनक्स टाका, फुकट आहे.' लगेच तिसरा म्हणतो, 'ते लिनक्स रोज बदलतं, सांभाळणार कोण?'

या तिसऱ्या माणसाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याला उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास बघावा लागतो.

१. आधी नेवासा

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. शके १२१२, म्हणजे १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी आपली परंपरा सांगते. सुमारे नऊ हजार ओव्या. पुढं तीनशे वर्षं ग्रंथ हातानं उतरवला गेला. एकानं प्रत काढली, तिच्यावरून दुसऱ्यानं. कुणाचा शब्द चुकला, कुणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्यानं सोपा घातला, कुणी आपल्या पदरची ओवी घुसडली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, जो तो आपल्या परीनं 'सुधारणा' करत होता. शेवटी गावोगावच्या प्रती एकमेकींशी जुळेनात.

शके १५०६, म्हणजे १५८४ साली पैठणला एकनाथ महाराजांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला, आणि यापुढं यात कुणी आपली ओवी घालू नये अशी कडक ताकीद शेवटी लिहून ठेवली. आजच्या भाषेत सांगायचं तर ही 'स्थिर आवृत्ती' होती. वारकऱ्यांच्या पारायणात जो पाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो मुख्यतः याच वळणाचा.

आता यातली गंमत बघा. नव्या ओव्यांना बंदी करणारे नाथ स्वतः काही नवं लिहायचे थांबले होते का? मुळीच नाही. एकनाथी भागवत त्यांचंच, भारुडं त्यांचीच. नवं लिहायचं तर वेगळ्या वहीत लिहा, लोक ज्याच्यावर विसंबून आहेत त्या वहीत नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि तरीही मूळ तपासायची वाट बंद झाली नाही. १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी नाथांच्या आधीची म्हणून एक जुनी प्रत छापली, अभ्यासकांनी दोन्ही पाठ समोरासमोर ठेवून वाद घातले. हस्तलिखितं लोकांच्या हाती होती, म्हणूनच हे शक्य झालं.

स्थिर पाठ, शेजारी नवी निर्मिती, आणि मूळ तपासायची मुभा. या तीन गोष्टी डोक्यात ठेवा. लिनक्सवाल्यांनी ठेचा खात खात हीच तिन्ही सूत्रं गाठली.

२. सम आणि विषम

१९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर केलं. तिचा कोड सगळ्यांसाठी खुला होता. कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती आली. लिनक्स म्हणजे खरं तर फक्त गाभा, त्याला कर्नल म्हणतात. यंत्र आणि बाकीचे प्रोग्राम यांच्यामधला हा मुकादम.

जगभरातून बदल येऊ लागले, तेव्हा एक नियम ठरला. आवृत्तीचा दुसरा आकडा सम असेल तर ती स्थिर, विषम असेल तर प्रयोगाची. २.४ लोकांसाठी, २.५ कारागिरांसाठी. नियम सुटसुटीत होता, पण व्यवहारात तो दोन्ही बाजूंनी फाटला.

एक बाजू अशी. २.४ आली जानेवारी २००१ मध्ये आणि तिच्या पुढची स्थिर २.६ आली डिसेंबर २००३ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं! या काळात नवी यंत्रं बाजारात आली, त्यांना लागणाऱ्या गोष्टी फक्त प्रयोगाच्या २.५ मध्ये होत्या. ग्राहक थांबायला तयार नव्हते. मग रेड हॅट, सुसे यांसारख्या कंपन्या २.५ मधले तुकडे उचलून आपापल्या २.४ मध्ये बसवू लागल्या. नावाला सगळ्यांकडं '२.४', पण प्रत्येकाची २.४ वेगळी. नाथांच्या आधीच्या प्रतींसारखीच गत झाली.

दुसरी बाजू त्याहून वाईट. २.४ मध्ये मेमरी वाटपाचा भाग नीट चालत नव्हता. सप्टेंबर २००१ मध्ये २.४.१० ही आवृत्ती काढताना लिनसनं तो अख्खा भागच काढून दुसऱ्याचा बसवला. तेही स्थिर म्हणवणाऱ्या मालिकेत! चालत्या एसटीचं इंजिन बदलावं तसा हा प्रकार. त्याचे जवळचे सहकारी अॅलन कॉक्स यांनी आपल्या प्रतीत काही काळ जुनाच भाग चालू ठेवला. पुढं नोव्हेंबरात २.४.१५ आली, तिच्यात डिस्कवरची माहिती खराब होण्याची चूक निघाली आणि काही दिवसांतच २.४.१६ काढावी लागली. यानंतर लिनस नव्या कामाकडं वळला आणि २.४ ची राखण मार्सेलो तोसात्ती या ब्राझीलच्या अठरा वर्षांच्या पोराकडं गेली. घर बांधणारा आणि घर राखणारा ही दोन वेगळी कामं आहेत, स्वभावही वेगळे लागतात, हे त्या वर्षानं शिकवलं.

२००४-०५ मध्ये सम-विषमचा नियम सोडला. आता साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. त्यातले पहिले दोन आठवडे नवीन गोष्टी घ्यायच्या, मग दार बंद. उरलेले आठवडे फक्त दुरुस्त्या. जे दोन आठवड्यांत तयार नसेल ते पुढच्या खेपेला. गाडी चुकली तर रडायचं नाही, पुढची गाडी वेळेवर आहेच. आणि झालेल्या आवृत्तीत नुसत्या दुरुस्त्या घालणारी वेगळी शाखा मार्च २००५ पासून ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी सुरू केली. काही निवडक आवृत्त्या अनेक वर्षं सांभाळायची पद्धतही आली.

या सगळ्यात लिनसचा एक नियम मात्र कधी हलला नाही. गाभ्याच्या आत काय वाटेल ते बदला, पण वर चालणारा एखादा प्रोग्राम काल चालत होता आणि आज तुमच्या बदलानं बंद पडला, तर चूक तुमची. 'तो प्रोग्रामच चुकीचा लिहिलेला होता' ही सबब चालणार नाही. २०१२ च्या डिसेंबरात एका सहकाऱ्यानं अशी सबब सांगितल्यावर लिनसनं त्याला सगळ्यांदेखत जे झापलं, ते आजही प्रसिद्ध आहे. भाषा वाईट होती, त्यावर पुढं टीकाही झाली. मुद्दा मात्र एमएच १६ चाच होता.

३. 'तयार होईल तेव्हा' आणि 'ठरल्या तारखेला'

नुसत्या गाभ्यावर ऑफिस चालत नाही. गाभा, टायपिंगचा प्रोग्राम, ब्राउझर, छपाई, फॉन्ट असं सगळं बांधून देणाऱ्याला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन ही त्यातली एक जुनी, स्वयंसेवकांनी चालवलेली डिस्ट्रो. इयन मर्डॉकनं ती १९९३ साली सुरू केली.

डेबियनची रचना तीन खणांची आहे. नवं आलेलं सामान आधी 'अस्थिर' खणात पडतं. तिथं काही दिवस बरं वागलं तर 'चाचणी'च्या खणात सरकतं. तो खण कधीतरी गोठवतात, त्यातल्या गंभीर चुका काढतात, आणि मग त्याची 'स्थिर' आवृत्ती होते. स्थिर झाल्यावर त्यात नवीन काही येत नाही, फक्त सुरक्षेच्या आणि मोठ्या दोषांच्या दुरुस्त्या येतात.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून उसाचं किंवा ज्वारीचं वाण थेट आपल्या बांधावर येत नाही. आधी संशोधन केंद्रावर, मग वेगवेगळ्या ठिकाणी काही वर्षं चाचण्या, मग शिफारस. आणि नवं वाण आलं म्हणून जुनं लगेच जातंही नाही. २६५ आला म्हणून ८६०३२ कुणी टाकून दिला नाही. ज्याची जशी जमीन, जसं पाणी, तसा तो निवडतो.

डेबियनचा जुना बाणा होता, 'तयार होईल तेव्हा काढू.' ऐकायला भारी वाटतं. पण जुलै २००२ नंतरची आवृत्ती यायला जून २००५ उजाडलं. मधल्या काळात लोकांच्या नव्या यंत्रांवर ती धड बसेना. स्थिरतेच्या नावाखाली साचलेपण आलं होतं. ही दुसऱ्या टोकाची चूक.

त्याच पोकळीत ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आली. पाया डेबियनचाच, पण वचन वेगळं : दर सहा महिन्यांनी, ठरल्या तारखेला. लोक खूश झाले. मग संस्थांची तक्रार सुरू झाली की दर सहा महिन्यांनी बदलायला आम्हाला दुसरा उद्योग नाही का? त्यावर २००६ मध्ये दीर्घ आधाराची पहिली आवृत्ती निघाली. ती एप्रिलमध्ये यायची होती, पण घाई नको म्हणून जूनपर्यंत लांबवली. तारखेचा आग्रह धरणाऱ्यांनीच तारीख पुढं ढकलली, कारण या आवृत्तीवर लोक वर्षानुवर्षं विसंबणार होते. तेव्हापासून दर दोन वर्षांनी एक दीर्घ आधाराची आवृत्ती येते. डेबियनही सुधारलं, तेही आता साधारण दोन वर्षांच्या तालावर चालतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला तीन वर्षांचा नियमित आणि वर दोन वर्षांचा वाढीव आधार आहे.

४. चूक कुठून येते?

'जुनं ते सोनं' आणि 'नवं तेच सुरक्षित' अशा दोन्ही बाजूंचे भक्त आहेत. तीन प्रसंग सांगतो, दोघांनाही पुरेत.

पहिला, २०१४ चा. इंटरनेटवरची गुपितं झाकणारा ओपनएसएसएल नावाचा प्रोग्राम आहे. त्यात मार्च २०१२ मध्ये एक नवी छोटी सोय घातली होती, समोरचा संगणक जिवंत आहे का ते विचारण्याची. त्या सोयीतच भोक होतं. सर्व्हरच्या मेमरीतली माहिती बाहेरच्याला मिळू शकत होती. एप्रिल २०१४ मध्ये हे उघड झालं आणि जगभर पळापळ झाली. जे लोक त्याहून जुन्या मालिकेवर होते, त्यांना या दोषाचा काहीच त्रास नव्हता. नव्या सोयीची किंमत ही अशी असते.

दुसरा, २००८ चा, बरोबर उलटा. डेबियनच्या स्थिर आवृत्तीतल्या याच ओपनएसएसएलमध्ये २००६ साली एका देखभाल करणाऱ्यानं दोन ओळी काढल्या होत्या. तपासणीचं एक साधन त्या ओळींवर इशारे देत होतं, म्हणून. त्यामुळं गुप्त किल्ल्या बनवताना लागणारा बेभरवसा आकडाच नाहीसा झाला आणि एकेका प्रकारच्या जेमतेम ३२,७६८ वेगळ्या किल्ल्या तयार होऊ लागल्या. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे 'स्थिर'चा शिक्का बसला म्हणून माल निर्दोष होत नाही. मूळ लेखकांकडून नीट तपासून न घेता केलेली डागडुजीही घात करते.

तिसरा, मार्च २०२४ चा. फाइली दाबून लहान करणारं एक्सझेड नावाचं छोटं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते एकटा माणूस फुकटात सांभाळत होता आणि थकला होता. दुसऱ्या एकानं खोट्या ओळखीनं दोन-अडीच वर्षं गोड बोलून, मदत करून विश्वास कमावला आणि शेवटी नव्या आवृत्तीत चोरदरवाजा घातला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की आपल्या संगणकावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. एवढ्याशा धाग्यावरून त्यानं सगळं उकललं. तेव्हा तो माल डेबियनच्या अस्थिर आणि चाचणीच्या खणांपर्यंत पोचला होता. स्थिर खणात पोचला नव्हता. खणांची उतरंड म्हणजे नुसती दिरंगाई नाही, ती गाळणी आहे. पण तेवढंच लक्षात ठेवू नका. गाळणी सांभाळणारा माणूस थकलेला, एकटा आणि बिनपगारी असेल, तर ती कधीतरी फाटणारच. २०१७ मध्ये निवडक कर्नल सहा वर्षं सांभाळू असं जाहीर झालं होतं. २०२३ मध्ये नव्या मालिकांसाठी ते पुन्हा दोन वर्षांवर आणायचं ठरलं. सांभाळणाऱ्यांच्या थकव्याची चर्चा तेव्हा उघडपणे झाली. स्थिरता फुकट मिळते, पण तयार फुकट होत नाही.

५. दहा वर्षांचा शब्द

रेड हॅट कंपनीनं या ताणावर धंद्याचं उत्तर काढलं. २००३ पासून प्रयोगासाठी फेडोरा, साधारण दर सहा महिन्यांनी नवी. आणि पैसे मोजणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षं न हलणारी एंटरप्राइझ आवृत्ती, जिचा आधार पुढं दहा वर्षांपर्यंत गेला. कोड खुला असल्यानं त्यावरून सेंटओएस नावाची फुकट प्रतही निघत होती आणि ती जगभरच्या सर्व्हरवर बसली होती.

८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की सेंटओएस ८ चा आधार २०२९ ऐवजी २०२१ अखेरच संपेल. दहा वर्षांच्या भरवशावर बसलेल्यांच्या पायाखालची सतरंजी ओढली गेली. मात्र २०२१ मध्येच त्याच खुल्या कोडवरून अल्मालिनक्स आणि रॉकीलिनक्स उभे राहिले, आणि लोकांनी आपली बिऱ्हाडं तिकडं हलवली. शब्द मोडला गेला, पण दार कुलूपबंद नव्हतं. विंडोज १० वाल्याला ही सोय नाही. तिथं कंपनीनं हात वर केले की दुसरं कुणी तो कोड घेऊन पुढं सांभाळू शकत नाही. राजवाड्यांनी जुनी प्रत शोधून छापली, कारण ती कुणाच्या तिजोरीत बंद नव्हती.

६. यात मराठीचं काय?

इथं आपला थेट संबंध येतो.

आपला 'ॲ' घ्या. ॲड., ॲप, ॲसिड. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली एप्रिल २००८ मध्ये. त्याआधी लोक 'अ' टाइप करून त्यावर चंद्र चढवत होते. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी वेगळे. म्हणून जुन्या यादीतले 'अॅड.' नव्या 'ॲड.'नं शोधले तर सापडतीलच असं नाही. (या पोस्टमध्ये वर अॅलन कॉक्स जुन्या पद्धतीनं लिहिलाय. शोधून बघा!) युनिकोडचा नियम असा की एकदा दिलेली जागा काढून घ्यायची नाही, म्हणून दोन्ही रूपं कायम राहणार. हे अक्षर हवं होतं की नाही? हवंच होतं. पण ते दिसायला नवे फॉन्ट आणि टाइप करायला नवा कीबोर्ड लागला. जो २००७ च्या स्थिर आवृत्तीला चिकटून बसला, त्याला अक्षराच्या जागी चौकोन दिसला. म्हणजे मराठीला नव्याची गरज होतीच. पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी लोहित फॉन्टवर आणि भारतीय भाषांवर जे काम केलं, ते नवं स्वीकारल्यामुळंच आपल्यापर्यंत आलं.

आता दुसरी बाजू. लिनक्समधले मराठी मेनू, सूचना स्वयंसेवक भाषांतरित करतात. मूळ इंग्रजी वाक्य कुणी जरा बदललं की त्याचं मराठी भाषांतर बाद होतं, आणि पुन्हा कुणी हात लावेपर्यंत तिथं इंग्रजी दिसतं. म्हणून ग्नोम या डेस्कटॉपवाल्यांनी नियम केलाय की आवृत्ती निघायच्या आधी काही आठवडे वाक्यं गोठवायची, भाषांतरवाल्यांना उसंत द्यायची. जर्मन, फ्रेंचकडं माणसं भरपूर. आपल्याकडं मूठभर. ज्या भाषेकडं माणसं कमी, तिला वेगाचा त्रास जास्त.

शिकवण्याचंही तसंच. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून लिनक्स, लिबरऑफिस शिकवणारे धडे आहेत, फुकट. पण बटण डावीकडून उजवीकडं गेलं की धडा जुना झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी एकदा मेहनतीनं शिकून घेतलेलं चार-पाच वर्षं तरी चालावं, ही अपेक्षा रास्त आहे.

७. मग आपण मागायचं काय?

आपली शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, दूध संस्था जे काही विकत घेईल किंवा बसवेल, त्यावेळी सभेत उभं राहून विचारावेत असे पाच प्रश्न :

एक. आधार कोणत्या तारखेपर्यंत? महिना आणि वर्ष लेखी द्या. 'लाइफटाइम' हे उत्तर नाही.

दोन. ही दीर्घ आधाराची आवृत्ती आहे की सहा महिन्यांची? संस्थेला पहिलीच घ्या. दुसरी घरी हौसेनं वापरा, तिथं तिची मजा आहे.

तीन. आधी एका टेबलावर चालवून बघितलं का? प्रिंटर, बायोमेट्रिक, डिजिटल सहीचं टोकन, सरकारी पोर्टलं, पतसंस्थेचं सॉफ्टवेअर. यातलं एखादं फक्त विंडोजवरच चालत असेल, तर तेवढं एक यंत्र विंडोजवर ठेवा, बाकीची हलवा. सगळं एका रात्रीत बदलायची गरज नाही.

चार. बदल कधी करणार? मार्चअखेरीला किंवा परीक्षेच्या तोंडावर नको. दिवाळीची सुट्टी, मे महिना कशासाठी आहे?

पाच. आमची माहिती कोणत्या रूपात राहील? मराठी मजकूर युनिकोडमध्ये, फाइली कोणत्याही प्रोग्रामला उघडता येतील अशा. जुन्या फॉन्टमधले ठराव तो फॉन्ट गेल्यावर नुसती रांगोळी दिसतात, हे आपण भोगलंय. यंत्र बदलेल, सिस्टिम बदलेल, पण ठरावबुक वाचता आलंच पाहिजे. आपला एमएच १६ तोच.

आणि सहावी गोष्ट, जी विक्रेत्याला नाही, स्वतःला विचारायची : सांभाळणार कोण? केरळनं सरकारी शाळांत गेली अनेक वर्षं लिनक्स चालवून दाखवलंय. ते फुकटच्या सीडीमुळं चाललं नाही. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि सांभाळणारी एक कायमची यंत्रणा त्यामागं होती. आपल्या जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, तंत्रनिकेतनं आहेत, आयटीआय आहेत. दर तालुक्याला अशी चार पोरं तयार झाली आणि त्यांना त्या कामाचे थोडे पैसे मिळाले, तर भंगारात निघालेली निम्मीशिम्मी यंत्रं अजून पाच वर्षं पोरांच्या हाताखाली राहतील. लायसन्सचे वाचलेले पैसे तिकडंच वळवा. एक्सझेडच्या त्या थकलेल्या माणसाची गोष्ट विसरू नका. राखणदाराला उपाशी ठेवून राखण होत नाही.

नव्याला विरोध करायचा नाही. नाथांनीही केला नव्हता. फक्त नव्याची वही वेगळी ठेवायची, आणि ज्या वहीवर गावाचा व्यवहार चालतो तिच्यात खाडाखोड करण्याआधी दहादा विचार करायचा.

तुमच्या शाळेत, सोसायटीत विंडोज १० च्या यंत्रांचं काय ठरलंय? कुणी लिनक्स चालवून बघितलं असेल तर काय अडलं, काय जमलं, खाली लिहा. तालुक्याचं नाव टाका, म्हणजे जवळच्या माणसाला मदत मिळेल.